किर्लोस्करांचं बीड

बेळगावच्या ऐन बाजारात किर्लोस्कर रोड आहे. किर्लोस्करांचा कारखाना मात्र बेळगावात नाही, तो 1910 सालीच इथून गेला. या रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधत फिरणाऱ्याला विचारलं, हे किर्लोस्कर कोण, तर तो सांगेल, "पंपवाले." सत्तरीतला शेतकरी "इंजानवाले" म्हणेल. त्याचा आजा असता तर "नांगरवाले" म्हणाला असता. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. या कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातले म्हणून आमच्याकडे अभिमानाने बोलतात, आणि तो अभिमान खोटा नाही. खरं त्या घासात एक खडा आहे. तो कुठे लागतो ते भाषणांतून कळत नाही, त्यासाठी यंत्रं उघडून बघायला लागतात.

आधी माणूस. 20 जून 1869 चा जन्म, गाव गुर्लहोसूर. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, तिथे काही रंग डोळ्यांना ओळखूच येत नाहीत असं निघालं. मग यंत्रांची ड्रॉइंगं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवू लागले. इकडे बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतं. कंपनी आपलं जन्मसाल 1888 सांगते ते या दुकानावरून. सायकल विकायची आणि चालवायला शिकवायचे 15 रुपये वेगळे घ्यायचे, असं सांगतात. शिकवणीसकट यंत्र विकायची ही सवय पुढे फार कामाला आली. नोकरीत बढतीच्या वेळी डावललं गेलं, तेव्हा ते बेळगावला परतले आणि कडबा कापायचं यंत्र करू लागले. त्यामागोमाग लोखंडी नांगर.

तो पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट शाळेत सांगतात ती अशी: अडाणी शेतकऱ्याला वाटलं, लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल, द्रष्टा कारखानदार मात्र डगमगला नाही. ऐकायला छान आहे. पण जरा शेतकऱ्याच्या बाजूने बघा.

त्याचा जुना नांगर बाभळीचा. सुतार तो बलुत्यात करून द्यायचा. फाळ घडीव लोखंडाचा, बोथटला की लोहार तापवून ठोकून पाजवून द्यायचा. एक बैलजोडी पुरायची, कारण तो नांगर माती उलटत नाही, चार-पाच इंच चिरत जातो. नव्या नांगराला पंख होता. फाळाने कापलेला मातीचा पट्टा पंखावरून चढतो आणि वळून उपडा पडतो. सात-आठ इंच खोल काळी माती उपडी करायला एक जोडी पुरत नाही. दोन लागतात, उन्हाळ्यात रान वाळलेलं असेल तर तीन-चार. एका जोडीच्या शेतकऱ्याने बाकीचे बैल आणायचे कुठून? सावड करून. म्हणजे आपलं एक दिवसाचं काम दुसऱ्याच्या तीन दिवसांना बांधून घेऊन.

दुसरी अडचण बिडाची. ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतो. साच्यात हवा तो आकार देतं, स्वस्त पडतं, पण ऐरणीवर घेऊन घाव घातला तर तुटतं. फाळ मोडला की गावच्या लोहाराचा काही उपयोग नाही, नवाच आणायचा. म्हणजे जे काम घराच्या दारात धान्यावर भागत होतं ते आता कारखान्याकडे रोख पैशावर गेलं. शेतकरी "विष" म्हणाला असेल, पण त्याच्या डोक्यातला हिशेब चुकलेला नव्हता. लक्ष्मणरावांचं मोठेपण त्यांनी अडाण्यांना शहाणं केलं यात मला दिसत नाही. त्यांनी फाळ सुधारला आणि सुटा भाग वेळेवर मिळेल अशी सोय केली, त्यात दिसतं.

बिडाचा फाळ टिकावा म्हणून टोकाला "चिल" देतात. वाळूच्या साच्यात जिथे धार येणार तिथे लोखंडाची जाड पट्टी बसवायची. वितळलेला रस त्या थंड पट्टीला टेकला की तेवढाच भाग झटक्यात गोठतो. आतल्या कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही, आणि पांढरं, काचेसारखं कठीण बीड तयार होतं. मागचा भाग सावकाश निवतो, तो करडा आणि थोडा सोसणारा राहतो. चिल कमी झाली तर फाळ महिनाभरात बोथट. जास्त झाली तर पहिल्याच दगडाला टोक उडतं. पट्टीवर दमटपणा राहिला तर वाफ होऊन रस उसळतो आणि धारेत भोकं राहतात. हे सगळं पुस्तकात वाचून जमत नाही, तोडून बघायला लागतं: दर ओतणीतला एक नग फोडायचा आणि पांढरा भाग किती जाड आला ते मोजायचं.

आणि नांगर चालला कुठे? बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानात, जिथे हरळी आणि कुंदा माजले होते. कुंद्याची मुळं लाकडी नांगराला भीक घालत नाहीत, वरवर चिरलं तर उलट फुटवे वाढतात. खोल नांगरून ढेकळं एप्रिल-मेच्या उन्हात उपडी टाकली तर मुळी वाळते. तिथे या अवजाराने रानंच्या रानं मोकळी केली. पण तोच नांगर खानापूरच्या बाजूला तांबड्या, उथळ रानात खोल घातला की मुरूम वर येतो. भाताच्या खाचरात तर वर्षानुवर्षं चिखलणी करून खाली जो घट्ट थर बसलेला असतो, तो फुटतो आणि पाणी थांबत नाही. काळ्या रानातही दरवर्षी एकाच खोलीला नांगरलं की नांगराचा तळ घासून घासून खाली कठीण थर बनतो. मग पावसाचं पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहून जातं. यात नांगराचा दोष किती आणि सगळीकडे एकच औषध देणाऱ्यांचा किती, हा वाद शेतकी खात्याने घालावा.

बेळगावने या माणसाला ठेवून घेतलं नाही. नगरपालिकेला नवी वसाहत करायची होती, कारखान्याची जागा सोडावी लागली. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला, कर्ज दिलं, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. आमच्याकडे हे सांगताना नेहमी उसासा टाकतात: राहिले असते तर बेळगावचं केवढं झालं असतं! मला हा उसासा जरा स्वस्त वाटतो. बेळगावात राहून त्यांना स्वतःचं गाव वसवता आलं नसतं, आणि त्यांना हवं होतं तसंच गाव, जिथे कामगार, शाळा, बाग, पाणी, शिवाशिवीविरुद्धचे नियम, सगळं एका हातात असेल. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तिथे राखणीचं काम दिलं, ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. पण ज्या गावाचा मालक, सावकार आणि वडील माणूस एकच, तिथे भांडायचं कुणाशी, हाही प्रश्न आहेच.

आणि सीमाभागातली आमची ओढाताण. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. पुढे 36 दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. म्हणून त्यांचं नाव "आपल्या माणसांच्या" यादीत जास्तच जोराने घेतलं जातं. खुद्द त्यांच्या घराण्याने मात्र कारखाने काढताना ही रेघ पाहिली नाही. 1941 ला हरिहरला लेथचा, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रांचा कारखाना, 1946 ला बंगळूरला मोटारींचा म्हणजे विजेच्या मोटारींचा, त्याच साली पुण्यात ऑइल इंजिनांचा. इंजिनावरची नावाची पट्टी तर इंग्रजीत. दोन्हीकडच्या पाटी-वादवाल्यांनी ती कशी सोडली कोण जाणे.

इंजिनाकडे येऊ, कारण या जिल्ह्याचा चेहरा नांगराने जेवढा बदलला त्याहून जास्त इंजिनाने बदलला. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं एव्ही-1 हे मॉडेल घ्या. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, 80 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 110, घनफळ 553 सीसी, फेरे मिनिटाला 1,500, शक्ती 3.7 किलोवॅट. पूर्ण भाराला तासाला लिटर-सव्वा लिटर डिझेल. इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलं ज्याच्यावर प्रयोग करतात ते हेच, आणि मार्कंडेय नदीच्या काठाला भाजीच्या मळ्यात धडधडायचं तेही हेच. एका यंत्राला दोन्हीकडे मान मिळणं सोपं नाही.

मान मिळाला तो दुरुस्तीच्या सोपेपणामुळे. चालू करायचं तर डिकॉम्प्रेशनची दांडी उचलून धरायची, म्हणजे व्हॉल्व उघडा राहतो आणि दाब बसत नाही. हँडल जोरात फिरवायचं, फ्लायव्हीलने वेग घेतला की दांडी सोडायची. टाकी कोरडी पडून पुन्हा डिझेल भरलं की "इंजान एअर धरतंय". उपाय कुणीही करू शकतो, क्रम तेवढा चुकवायचा नाही. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि डिझेलची सलग धार आली की आवळायचा. मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलपाशी पाइपचं नट अर्धा फेरा सैल करून हँडल मारायचं. तिथेही बुडबुड्याशिवाय डिझेल आलं की नट बंद. नोझलकडून आधी सुरुवात केली तर फिल्टरमधली हवा पुन्हा पुढे येते आणि दुपार जाते. काळा धूर येतो तेव्हा नोझल फवारा न मारता थेंब टाकत असतं, किंवा एअर फिल्टर धुळीने बसलेला असतो. निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या, ऑइल जळतंय. पांढरा धूर आणि चालू व्हायला त्रास म्हणजे दाब कमी. तेव्हा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली, फट आधी बघावी. फट फार कमी ठेवली तर गरम झाल्यावर व्हॉल्व पुरता मिटत नाही, गळत राहतो आणि कडा जळतात. हे ज्ञान गावोगावच्या मिस्त्रींकडे आहे, मराठीत आहे, कानडीत आहे, आणि बरंचसं नुसतं कानात आहे.

इंजिन इतकं सरळ होतं की त्याच्या नकला निघाल्या. "किर्लोस्कर टाइप" हा शब्द दुकानात अजून चालतो. कंपनीला ते खटकणं स्वाभाविक. पण परदेशी नांगर इथल्या रानात चालत असताना देशी नांगर ओतायला बसलेल्या माणसाच्या वारशाला नकलेचं फार वावडं असू नये, असं मला वाटतं.

आता खडा. हे इंजिन जेव्हा विहिरीवर बसतं तेव्हा काय होतं, त्याचा हिशेब मांडू. एकूण हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, 15 मीटर आणि पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर 3.7 किलोवॅटमध्ये सेकंदाला 15 लिटर पाणी येतं, तासाला 54,000 लिटर. चामड्याची मोट एका खेपेला दीडशे-दोनशे लिटर आणायची आणि बैल दमले की थांबायची. इंजिन दमत नाही. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला साधारण एक लाख लिटर लागतात, म्हणजे इंजिनाचे दोन तास. तीन इंचांची पाळी द्यायची तर सहा तास. मोटेवर हे काम आठवड्याभराचं. मोटेवर ऊस करायचा तर एखाद्या तुकड्यात, गूळ घरापुरता. इंजिनावर तो शिवारभर होतो.

मग विहिरींचं पाणी उतरलं, आणि उतरताना त्याने पंपाची मर्यादा दाखवली. पंप पाणी "ओढतो" हे बोलण्यापुरतं. खरं तर बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला ती 10.3 मीटरपर्यंत ढकलू शकते. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचावर, इथे जेमतेम साडेनऊ. त्यातून पाइपचं घर्षण, पाइपच्या तळाच्या फूट व्हॉल्वचा अडथळा आणि पाण्याची वाफ वजा जाता हाती सहा-साडेसहा मीटर उरतात, म्हणजे वीस-एकवीस फूट. त्याखाली पाणी गेलं की पंप खडखड वाजतो, आतल्या पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि पंपातलं पाणी फेकणारं चाक, इम्पेलर, कुरतडल्यासारखं होतं. मग लोकांनी विहिरीच्या आत ओटे बांधले आणि पंपासकट इंजिन खाली उतरवलं. धुराचा पाइप वर काढला. त्याचा एखादा सांधा गळला की धूर विहिरीत साचतो. अशा विहिरीत कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, पण ती इथे फसवते. कंदील प्राणवायू कमी असेल तर विझतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये मात्र खुशाल जळत राहतो. चालू इंजिन असलेल्या विहिरीत उतरायचं नाही, वरूनच डिझेल तोडायची दोरी ठेवायची, हा एकच नियम खरा.

यंत्र बनवणाऱ्याने पाणी किती उपसावं हे ठरवायचं नसतं, असं कंपनीची बाजू घेणारा म्हणेल. मान्य. पण जो कारखाना शेतकऱ्याला यंत्र शिकवतो, मासिकं काढून वाचायला शिकवतो, घर कसं ठेवावं ते शिकवतो, त्याने विहीर कशी भरते तेही त्याच जोमाने शिकवायला काय हरकत होती? इतकं सगळं शिकवणाऱ्याकडूनच ही अपेक्षा करावीशी वाटते, म्हणून तर ती बोचते. अथणी, रामदुर्गच्या कोरड्या बाजूला आता विहिरींची कहाणी संपून बोअरवेलची सुरू झाली आहे. शेकडो फूट खाली पाण्यात बुडवलेला सबमर्सिबल पंप, त्यावरही कधी तेच नाव.

पंपाची एक साधी गोष्ट सांगण्यासारखी आहे. फूट व्हॉल्वच्या फडीत खडा नाहीतर शेवाळ अडकलं की पाइपातलं पाणी निसटतं आणि पंप रिकामा पडतो. नियमाप्रमाणे फूट व्हॉल्व वर काढून साफ करावा. मळ्यातली रीत वेगळी: शेणकाला करून वरून ओतायचा. शेणातला चोथा फटीत बसतो, गळती तेवढ्यापुरती बंद होते आणि पंप पाणी धरतो. कंपनीच्या पुस्तकात हे नसणार. शाफ्ट पंपात शिरतो तिथल्या ग्लँडमधल्या दोरीचंही तसंच. थेंब थेंब गळू दिली तरच ती थंड राहते. थेंबही नको म्हणून करकचून आवळणारा शाफ्टच खाऊन टाकतो.

इंजिन आणि पंप एकाच लोखंडी चौकटीवर, मध्ये कपलिंग, असा संच यायचा. दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत ना ते कपलिंगवर पट्टी ठेवून चारी बाजूंनी बघायचं. केसभर फरक असला तरी रबरी बूश झिजतात आणि मग बेअरिंग जातं. आता पंप करणारी आणि इंजिन करणारी कंपनी घराण्यातल्या वेगवेगळ्या भावांकडे आहे, 2009 च्या कौटुंबिक समझोत्याच्या अर्थावरून त्यांच्यात वाद आहे, आणि 2021 साली तो सर्वोच्च न्यायालयातही गेला. कोण बरोबर ते न्यायालय बघेल. चौकट एक होती एवढं आमच्या शेतकऱ्याला आठवतं.

हरिहरच्या लेथचा कारखाना तर बंदच पडला. त्याचे टर्नमास्टर आणि एंटरप्राइज हे लेथ मात्र बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लहान वर्कशॉपांत अजून फिरतात. जुना लेथ घेताना काम पकडणाऱ्या चकजवळची बेड, म्हणजे लेथचा लांब पाया, हाताने चाचपून बघतात, कारण सगळं काम तिथेच होऊन ती तिथेच झिजते. झिजलेल्या बेडवर लांब शाफ्ट कातला की एका टोकाला बारीक उतार येतो. तरी भाव येतो. कारखाना गेला तरी लेथ चालतोय याचं कौतुक करायचं की इतकं चांगलं यंत्र करणारा कारखाना चालवता आला नाही याचं वाईट वाटून घ्यायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बेळगावात आज ओतकाम भरपूर आहे. उद्यमबाग, मच्छे या बाजूला फाउंड्रीच फाउंड्री. कोळशाच्या क्युपोला भट्ट्या जाऊन विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. पंपाची केसिंग, हायड्रॉलिकचे भाग, गाड्यांचे भाग इथून जातात. यातलं श्रेय सरळ लक्ष्मणरावांना देऊ नये. ते बेळगाव सोडून गेल्यावर अर्ध्या शतकाहून जास्त काळाने हे उभं राहिलं, आणि शेजारच्या कोल्हापूरचाही त्यात वाटा आहे. पण काम तेच आहे. बीड निवताना आकसतं, मीटरला साधारण 10 मिलिमीटर, म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, तेवढा मोठा करायचा. वाळूत ओल तीन-चार टक्के. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि मोडला की धार स्वच्छ राहावी. ओल वाढली की ब्लो होल, म्हणजे मालात वाफेची भोकं. रस 1,350 अंशांच्या खूप खाली गेला की दोन बाजूंनी आलेल्या धारा मिळत नाहीत, सांधा राहतो.

भट्टीत कच्चं लोखंड आणि पोलादाच्या कातरणाबरोबर भंगारही जातं, आणि भंगारात जुन्या इंजिनांच्या ब्लॉकला भाव बरा मिळतो, कारण ते बीड चांगलं असतं. पण अख्खं इंजिन टाकत नाहीत. आत ॲल्युमिनियमचा पिस्टन राहिला तर थोड्याशाने सगळ्या ओतणीत सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. बेअरिंगच्या वाट्यांतलं शिसं राहिलं तर ग्राफाइटच्या पाकळ्या बिघडतात आणि माल दिसायला ठीक, पण कमकुवत निघतो. म्हणून आधी हेड काढायचं, पिस्टन ठोकून बाहेर काढायचा, वाट्या वेगळ्या करायच्या, ब्लॉकला चिकटलेलं जुनं ऑइल जाळायचं, आणि मग घणाने ब्लॉक फोडायचा. बीड असल्यामुळे तो वाकत नाही, तुकडे होतात. नावाची उठावाची अक्षरं ज्या तुकड्यावर असतात तो तुकडाही बाकीच्यांबरोबर तोलूनच बादलीत पडतो.